घरच्या गॅरेजमध्ये बांधलेली गाडी: अकरा महिने, ४,२०० मैल

गेल्या जूनमध्ये नंबरप्लेट लागली, आता मे उजाडलाय. एवढ्या काळात गाडी ४,२०० मैल फिरली, दोनदा भर रस्त्यात बसली आणि एकदा ट्रकच्या पाठीवर चढून घरी आली. बांधायला एकोणीस महिने लागले होते. बांधणीची वर्णनं मी ढिगाने वाचली होती, पण ती सगळी पहिल्या फेरीच्या फोटोपाशी संपायची. पुढे पाऊस, मीठ, खड्डे आणि बायकोचे प्रश्न सुरू झाले की काय होतं, ते लिहितो.

मी कोल्हापूरचा, गेली बारा वर्षं इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ राहतो. नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे हाताला ग्रीस लागायचा संबंध नाही. पण वडील उद्यमनगरात टर्नर होते, लेथच्या आवाजातच माझा दहावीचा अभ्यास झाला. ती खाज कुठेतरी राहिली असणार.

गाडी ‘सेव्हन’ घराण्यातली, म्हणजे उघडी, हलकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन काढली. पूर्ण गाडीवर जो खरेदी कर लागायचा तो सुट्या भागांवर लागत नसे, म्हणून लोक खोकी घरी नेऊन स्वतःच जोडायचे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम नावाच्या कंपनीकडे गेले. कराचा फायदा गेला, पण खोकी घरी आणायची सवय काही गेली नाही. माझं किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, त्याच घाटाचं, एका छोट्या कंपनीचं. नाव घेत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हब आणि स्टिअरिंग रॅक २००१ सालच्या एका जुन्या माझदा एमएक्स-५ मधून काढलं. तिचा खालचा पत्रा गंजून चाळण झाला होता, ९०० पौंडांत मिळाली. उरलेले दरवाजे, सीट, काचा विकून ४०० परत आले. सगळं धरून खर्च १३,४०० पौंड. मी ठरवले होते नऊ हजार.

सांगाडा ट्रकमधून उतरला तेव्हा छाती भरून आली. चौकोनी पोलादी नळ्यांचा वेल्ड केलेला पिंजरा, वर काळा पावडर कोट, म्हणजे भुकटी भाजून चढवलेला रंग. मी व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवला. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

“रंगाला भुलू नकोस. कर्ण मोजलेस?”

“बाबा, कंपनीने जिगवर, म्हणजे नळ्या पकडायच्या साच्यावर, केलाय तो.”

“जिग बी माणसानंच केलेला असतोय की. टेप लाव.”

लावला. दोन कर्णांत दोन मिलिमीटरचा फरक निघाला. बाबा म्हणाले, चालतंय, पण लिहून ठेव. लिहून ठेवलं म्हणूनच पुढे चाकांचं अलाइनमेंट करताना एका बाजूला एक शिम, म्हणजे पातळ चकती, जास्त का लागतेय ते कळलं. खरा त्रास रंगानेच दिला. पावडर कोट भोकांच्या आतही बसतो, त्यामुळे बारा मिलिमीटरचा बोल्ट बारा मिलिमीटरच्या भोकात जात नाही. हातोडीने ठोकायचा मोह होतो. ठोकू नका. रीमर, म्हणजे भोक आतून घासून मापात आणायचं हत्यार, घ्या, प्रत्येक भोक साफ करा, बोल्टला कॉपर ग्रीस लावा. एक आख्खा शनिवार-रविवार फक्त भोकं साफ करण्यात गेला.

सस्पेन्शन, इंजिन बसवणं, ब्रेकच्या नळ्या, हे सगळं ऐकायला भयंकर वाटतं, पण करायला सोपं आहे. जे जड असतं ते जागेवर बसलं की दिसतं, नाही बसलं तरी दिसतं. ब्रेकमधली हवा काढायला शेजारचे सत्तरीतले गृहस्थ पॅडल दाबायला आले आणि चहाच्या दोन कपांत काम झालं. हा भाग नवख्याने घाबरून सोडून देऊ नये, एवढंच म्हणतो.

घाबरायचं असेल तर वायरिंगला आणि डॅशबोर्डला घाबरा. माझे जवळपास निम्मे तास तिथे गेले.

एमएक्स-५ चा मूळ वायरिंगचा गठ्ठा जमिनीवर पसरला तर मेलेल्या अजगरासारखा दिसतो. त्यातून पॉवर विंडो, एअरबॅग, रेडिओ, मागच्या काचेचा हीटर असल्या वायरी एकेक करून काढायच्या आणि गरजेपुरतं ठेवायचं. मी एक वायर जास्त काढली. चावीभोवती जी प्लास्टिकची रिंग असते ती चावीतली चिप वाचते, आणि ती नसेल तर इंजिनचा संगणक इंजिन चालूच होऊ देत नाही. मला ती शोभेची वाटली होती. तीन संध्याकाळी स्टार्टर फिरत राहिला आणि इंजिन काही पेटेना. शेवटी रिंग भंगाराच्या डब्यातून शोधून काढली.

आता मीटर. स्पीडोमीटर आणि आरपीएमची दोन ८० मिलिमीटरची, शिवाय तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, पेट्रोल आणि व्होल्ट अशी चार ५२ मिलिमीटरची. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर होल सॉ चालवून भोकं पाडली, कडा कानशीने घासल्या, वर काळं रेक्झिन चिकटवलं. दिसायला इतकं झकास की मी आठवडाभर तो पत्रा दिवाणखान्यात ठेवला होता. नंतर सीट बसली, स्टिअरिंग बसलं, मी आत बसलो, आणि लक्षात आलं की स्टिअरिंगच्या चाकाची वरची कड स्पीडोमीटरवर नेमकी ३० आणि ४० च्या मध्ये येते. या देशात गावातली मर्यादा ताशी ३० मैल. म्हणजे जो आकडा सतत पाहायचा, तोच झाकलेला. अकरा महिने झाले, मी अजून मान तिरकी करून वेग बघतो. पुन्हा करायचं झालं तर आधी सीट, मग स्टिअरिंग, मग पुठ्ठ्याचा डॅशबोर्ड कापून त्यावर कागदी मीटर चिकटवीन, आठवडाभर आत बसून बघीन आणि मगच पत्र्याला हात लावीन.

पेट्रोलच्या मीटरने तर वेड लावलं. टाकीत दहा लिटर ओतले, काटा खाली गेला. आणखी दहा ओतले, अजून खाली. मल्टिमीटर लावल्यावर उलगडा झाला. टाकीतला फ्लोट, म्हणजे सेंडर, रिकाम्या टाकीला २४० ओहम दाखवत होता आणि भरलेल्या टाकीला ३३. मीटरला मात्र रिकाम्यासाठी १० आणि भरलेल्यासाठी १८० हवे होते. दोन्ही वस्तू किटवाल्यांनी एकाच खोक्यातून पाठवलेल्या! फोन केला तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “काही ग्राहक मीटर उलटं लावतात.” मी नवा सेंडर स्वतःच्या पैशाने घेतला. तुम्ही मीटर कुठूनही घ्या, पण सेंडर त्याच घराण्याचा घ्या. वधूवरांच्या पत्रिका जुळवाव्यात तसे ओहमचे आकडे जुळवा आणि टाकी बसवायच्या आधी टेबलावरच फ्लोट हाताने वरखाली करून काटा बघा.

दुसरा आजार नंबर मिळाल्यावर कळला. डाव्या वळणाचा सिग्नल लावला की त्याच्या टकटक तालावर पाण्याच्या तापमानाचा काटा नाचायचा. टक, ९०. टक, ९८. टक, ९०. बाबांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी बघितला आणि एकच शब्द लिहिला: “अर्थिंग.” खरंच तेच होतं. मी मीटरची अर्थची वायर डॅशबोर्डमागच्या एका ब्रॅकेटला दिली होती आणि ब्रॅकेट पावडर कोटवर बसला होता. रंगातून वीज कशी जाणार? जेवढी जात होती ती एका बोल्टच्या आट्यांतून. सांगाड्यावर नाण्याएवढी जागा चकचकीत पोलाद दिसेपर्यंत खरवडली, दातेरी वॉशर टाकला, सगळ्या अर्थच्या वायरी त्या एकाच ठिकाणी आणल्या आणि वरून ग्रीस फासलं. काटा त्या दिवसापासून नाचलेला नाही.

रस्त्यावर आणण्यापूर्वी इथे आयव्हीए नावाची सरकारी तपासणी होते, फक्त त्या एका गाडीची. मी ४५० पौंड भरले. आपल्याकडच्या आरटीओची आठवण ठेवून गेलो होतो. प्रत्यक्षात भेटला एक अत्यंत सभ्य माणूस, त्याच्या हातात १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा. तो गोळा बाहेरच्या ज्या भागाला टेकेल तिथली कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी. गाडीभोवती तो गोळा असा फिरवत होता की पूजाच चाललीय असं वाटावं. माझ्या एका क्लिपचा बोल्ट टोकदार निघाला. मागच्या फॉग लाइटचा दिवा डॅशवर लागत नव्हता. तिसरी गोष्ट मोठी होती: वळण संपल्यावर स्टिअरिंग सोडलं तर ते आपोआप मधे यायला हवं, माझं जागेवरच बसून राहत होतं. हा या घाटाच्या गाड्यांचा जुना दुखणाईतपणा. गाडी हलकी, पुढच्या चाकांवर वजन कमी, कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगला मधे परत आणणारा पुढच्या चाकांच्या आसाचा मागे झुकलेला कोन, कमी पडतो. चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या विशबोन नावाच्या दांड्यांचे वॉशर मागेपुढे करून कॅस्टर वाढवला, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरली, आणि दुसऱ्या खेपेला पास झालो. रबराच्या पट्ट्या आणि नटांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या तपासणीनंतर काढून टाकणारे बरेच आहेत. मी ठेवल्या. एकदा पोटरी खरवडून घेतली की त्या कशासाठी आहेत ते पटतं.

चालवायला कशी आहे? वजनकाट्यावर ६४० किलो भरली. जिच्यातून इंजिन काढलं ती एमएक्स-५ हजाराच्या वर होती. ताकद तीच, साधारण १४५ हॉर्सपॉवर. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की तोंडातून जे निघतं ते कोल्हापुरीच निघतं. ढुंगण जमिनीपासून वीतभर वर, समोरून येणाऱ्या लॉरीचं चाक आपल्या डोक्याच्या उंचीला. पेट्रोल गॅलनला ३५ मैल, म्हणजे लिटरला साधारण १२ किलोमीटर. हायवेवर तासाभराच्या वर बसवत नाही. वाऱ्याने कान बधिर होतात. आई दिवाळीत आली होती. साडी सावरत दोनदा गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, “रिक्षाला दारं नसतात रे, पण छप्पर तरी असतंय.” बसली नाही ती नाहीच.

ऑगस्टमध्ये एका जत्रेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि तापमान १०५ वर गेलं. हीच ती ट्रकवरची वरात. रेडिएटर नवा, पंखा चालू, पाणी भरलेलं. कारण साधं निघालं: रेडिएटर आणि नाकाडाच्या फायबरमध्ये दोन्ही बाजूंना चार-चार बोटं फट होती, आणि हवा शहाणी असते, जिथे अडथळा नाही तिथून निघून जाते. पत्र्याचे दोन पडदे कापून फट बंद केली. शिवाय हीटरच्या नळीच्या उंचवट्यावर अडकलेली हवा नाक वर करून, म्हणजे गाडीचं पुढचं टोक जॅकवर चढवून बाहेर काढली. नंतर ९५ च्या वर काटा गेलेला नाही.

साधारण हजार मैलांवर गोल चौकात पुढून ‘टक्’ असा आवाज यायला लागला. बांधताना प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्ह्याने आवळून झाला की मी त्याच्यावर पिवळ्या मार्करने नटापासून ब्रॅकेटपर्यंत एक रेघ ओढली होती. गाडीखाली टॉर्च घेऊन सरपटलो, तर डाव्या खालच्या विशबोनच्या बोल्टची रेघ तुटलेली, नट एक अष्टमांश फिरलेला. अंगावर काटा आला. पाच पौंडांचा मार्कर आहे तो. सगळ्या किटमधली सर्वांत मोलाची वस्तू मी तीच म्हणेन, आणि ती किटमध्ये आलेली नव्हती. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रेघा तपासतो. बायको त्याला माझी संकष्टी म्हणते.

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. फेब्रुवारीत पाहिलं तर अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी. जिथे पत्रा आणि पोलादाच्या मधे सीलंटचा थर नीट बसला नव्हता, तिथेच. म्हणजे त्या संध्याकाळी मी घाई केली होती. या गाडीच्या बाबतीत हे एक मोठं दुखणं आहे: कुठलीही खोट सापडली की ती कोणी, कुठल्या दिवशी, का केली ते आठवतं. शिव्या द्यायच्या तर आरशात बघूनच द्याव्या लागतात. किटवाल्यांच्या नावावर सेंडर, आठ कमी पडलेले बोल्ट आणि काळपट झेरॉक्स फोटोंची पुस्तिका, एवढंच मांडता येईल. बाकीचं खातं माझंच.

हिशोबाने बघाल तर १३,४०० पौंडांत उत्तम अवस्थेतली, छप्पर असलेली, कोरडी एमएक्स-५ येते आणि वर सुट्टीला दोनदा कोल्हापूरला जाऊन येता येतं. ज्यांना गाडी हवी आहे त्यांनी तेच करावं. ज्यांना गॅरेज हवं आहे, त्यांच्याशी मी तासन्‌तास बोलायला तयार आहे.

पेट्रोलचा काटा अजून पूर्ण सुधारलेला नाही. टाकी अरुंद आणि फ्लोट एका कोपऱ्यात, त्यामुळे एका बाजूच्या लांब वळणावर टाकी भरते आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर रिकामी होते. सपाट रस्त्यावर, काठोकाठ भरली तरी काटा पाऊणवर थांबतो. मी काचेवर पाऊणपाशी लाल टेपची बारीक पट्टी लावली आहे. मुलाने तिच्यावर पेनने लिहिलंय, “फुल”.