बेळगावच्या पावसाळ्यात जुनी कॉमिक्स कशी टिकली: पिशव्या, पुठ्ठे, डबे वापरून

आधी निकाल सांगतो. या सगळ्या खरेदीत सर्वांत जास्त सार्थकी लागले ते आर्द्रतामापकाचे पैसे, आणि तो पाचशेच्या आत मिळतो. पिशव्या, पुठ्ठे, डबे हे सगळं त्याच्या नंतर.

माझ्याकडे काकांची इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्र कथा आणि चांदोबाचे जुने अंक आहेत. शहापूरच्या कौलारू घरात माळ्यावर पडून होते. शिवरात्रीच्या सुमारास, हवा कोरडी असताना, सगळं नीट बांधून ठेवलं. आता दिवाळी झाली, म्हणजे मधे अख्खा पावसाळा गेलाय. त्यामुळे बोलायला हरकत नाही.

इंद्रजाल 1964 साली सुरू झालं आणि 1990 मध्ये बंद पडलं. तेव्हाचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) उजेडाने, हवेने पिवळं पडतं आणि आम्ल तयार होऊन कागद ठिसूळ होतो. हे थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं. पण आपल्याकडे त्याहून तातडीचं दुखणं म्हणजे ओल. घाट जवळ, मृगापासून भिंती गार आणि दमट. आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि कसरीलाही तेच मानवतं. अशा हवेत अंक पिशवीत बंद केला तर ओलही त्याच्यासोबत आत बंद होते. म्हणून बांधाबांध पावसाळ्यात नको, माघ-फाल्गुनात करा.

मापक आणल्यावर पहिल्यांदा तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घाला, भिजेल इतकंच पाणी टाका आणि मापकासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. आकडा 75 टक्के यायला हवा. माझा 79 दाखवत होता, तेव्हापासून चार वजा करून वाचतो. आषाढात खोलीत 85 च्या वर आकडा असायचा तेव्हा डब्यात तो पन्नाशीच्या आसपास राहिला. मला एवढंच हवं होतं. अगदी 30 च्या खाली न्यायचं नाही, कागद तडकतो.

डबा म्हणजे रबराची कडा असलेला, झाकणाला चारी बाजूंनी क्लिपा असलेला, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा. आत सिलिका जेल. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराईड हे विषारी रसायन असतं. केशरी घ्या, ओल शोषली की ते हिरवे होतात. मग ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा कामाला लागतात.

पिशव्यांची गोष्ट थोडी लांब आहे. एका दुकानदाराने ‘कॉमिक्ससाठी खास’ म्हणून दिलेल्या पिशव्यांना रेनकोटचा वास येत होता. तांब्याची तार गॅसवर लालभडक तापवून पिशवीला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. म्हणजे आत क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. त्यातून कालांतराने आम्ल आणि तेलकट द्रव्यं सुटतात. आई स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “काय जाळायलास रे, खिडकी तरी उघड की!” तिचं बरोबर होतं, हे खिडकी उघडूनच करा. त्या पिशव्या परत पाठवल्या आणि पॉलिप्रॉपिलीनच्या मागवल्या. त्या स्वच्छ आहेत, अजून कुठे चिकटलेल्या नाहीत, पण काही वर्षांनी बदलाव्या लागतील. वेताळाचे (फँटमचे) जे अंक मला जिवापाड आहेत ते पॉलिएस्टरच्या पाकिटात घातलेत. महाग आहे, पण ते जास्त टिकतं. मापाचं एक ध्यानात ठेवा: पिशव्यांच्या ‘करंट’ या अरुंद मापात माझे काही अंक अडकले, ‘सिल्व्हर’ या थोड्या रुंद मापात सगळे बसले. आणि अंक काढताना पिशवीची चिकटपट्टी आधी मागे दुमडा, नाहीतर मुखपृष्ठाचा रंग घेऊन येते.

पाठीमागचा पुठ्ठा आम्लमुक्तच घ्यावा. बाइंडरकडचा पिवळा किंवा मागून राखाडी पुठ्ठा चालत नाही.

पिनांकडे मात्र प्रत्येक अंकात बघा. एका इंद्रजालचं मधलं पान उघडलं तर दोन्ही पिनांभोवती आठ आण्याच्या नाण्याएवढा तपकिरी डाग, आणि बोट लागताच पिनेजवळचा कागद भुगा होऊन सुटला. पातळ बोथट पट्टीने पिनेचे पाय आतून सरळ केले, बाहेरून हलक्या हाताने ओढून काढली आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून बांधला. नवी पिन मारली नाही, इथल्या हवेत तीही गंजणारच.

डांबरगोळ्या डब्यात नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात आणि वास कागदातून जात नाही. काकू वेखंड ठेवायची, ते मी कापडात बांधून कपाटात, डब्याच्या बाहेर ठेवलंय. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, एकदा केलं की उलटवता येत नाही.

खानापूर, जांबोटी भागातल्या मंडळींकडे पाऊस आमच्यापेक्षा जास्त. तिकडे डबा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, आणि दाण्यांचा रंग दर आठवड्याला बघा. मी पंधरवड्याने बघतो, श्रावणात तेवढंही मला कमी वाटलं.