क्लोट्रिमॅझोल १ टक्का मलम : गजकर्णावरचा अनुभव

पावसाळ्यात ओल्या कपड्यांत वावरून मांडीवर गजकर्ण (त्वचेवरचा बुरशीचा संसर्ग) उठले, तेव्हा औषधाच्या दुकानातून नुसते विचारून आणलेल्या मलमाने दोन दिवसांत खाज थांबली खरी, पण महिन्याभरात मधोमध फिकट आणि कडेला लालसर, बारीक पुळ्यांचे ते कडे दुप्पट पसरले, कारण त्या मलमात खाज दाबणारे, पण बुरशीला वाढू देणारे स्टेरॉईड मिसळलेले होते. वेष्टनावरचे घटक मी वाचायलाच हवे होते. त्वचारोगतज्ज्ञांनी ते बंद करून केवळ क्लोट्रिमॅझोलचे मलम दिले.

बुरशीच्या पेशीपटलाला लागणारा अर्गोस्टेरॉल नावाचा घटक क्लोट्रिमॅझोल तयार होऊ देत नाही. पांढरे, हलके मलम त्वचेत सहज जिरते. अंग धुऊन जागा पूर्ण कोरडी केल्यावर, कड्याच्या बाहेर दोन बोटे अंतरापर्यंत, दिवसातून दोनदा मी ते लावत असे. पहिल्या आठवड्यात फरक जाणवला नाही, पुढे मात्र कडा सपाट होत गेल्या. डाग दिसेनासा झाल्यावरही डॉक्टरांच्या सांगण्यावरून चार आठवडे पूर्ण केले. डोक्यातल्या किंवा नखांतल्या बुरशीला हे पुरत नाही, तिथे बहुधा पोटातून औषध घ्यावे लागते. मांडीवरच्या गजकर्णासाठी मात्र मी हे स्वस्त मलम मनापासून सुचवेन.