युद्धाचा पैसा अडवायचा तर उदाहरण कोणतं: १९७३ की २००७?

राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार आणि संसदेच्या हातातली तिजोरी, असा विषय निबंधाला किंवा वादस्पर्धेला आला की अमेरिकेची दोन उदाहरणं पुढे येतात: १९७३ ची कंबोडियातली बॉम्बफेक आणि २००७ चं इराक युद्ध. जागा एकालाच असेल तर निवड नीट करायला हवी.

वरवर दोन्ही भांडणं सारखीच दिसतात. दोन्ही वेळा राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन (१९७३ मध्ये निक्सन, २००७ मध्ये बुश) आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांवर (प्रतिनिधिगृह आणि सिनेट) ताबा डेमोक्रॅटांचा. दोन्ही वेळा पुरवणी खर्चाच्या विधेयकात युद्धाला लगाम घालणारं कलम आलं, राष्ट्राध्यक्षांनी विधेयक फेटाळलं आणि तो नकार उलथवायला लागणारी दोन-तृतीयांश मतं प्रतिनिधिगृहात जमली नाहीत. निक्सनच्या वेळी २४१ विरुद्ध १७३, बुश यांच्या वेळी २२२ विरुद्ध २०३. वाचन इथेच थांबवलं तर वाटतं, राष्ट्राध्यक्षांपुढे काँग्रेसचं काही चालत नाही. १९७३ मध्ये मात्र चाललं, तेही नकाराधिकार न उलथवता.

निक्सननी विधेयक फेटाळलं २७ जूनला. तेव्हा अमेरिकेचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपत असे, म्हणजे सरकारी खात्यांना पुढच्या खर्चाची मंजुरी तीन दिवसांत हवी होती. सिनेटमधले बहुमताचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी बजावलं की बॉम्बफेकीला पैसा नाकारणारं कलम आम्ही पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या विधेयकांना जोडत राहू. त्याच आठवड्यात निक्सन यांचे माजी कायदेशीर सल्लागार जॉन डीन, विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीच्या वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीपुढे निक्सनविरुद्ध साक्ष देत होते. निक्सन नमले. १५ ऑगस्टनंतर बॉम्बफेक बंद, ही अट स्वीकारून त्यांनी १ जुलैला सही केली. या विजयाला काळी किनारही आहे: मधल्या दीड महिन्यात बॉम्ब पडतच राहिले आणि ६ ऑगस्टला नेआक लुआँग या गावावर चुकून झालेल्या माऱ्यात शंभरावर माणसं मेली.

२००७ मध्ये नेमकं उलट घडलं. इराकमधून सैन्य माघारी आणायला १ ऑक्टोबरपर्यंत सुरुवात करा, असं म्हणणारं विधेयक बुश यांनी १ मे रोजी नाकारलं. दुसऱ्या दिवशी तो नकार उलथवण्याचा प्रयत्न फसला. मॅन्सफिल्ड यांचा मार्ग प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पलोसी आणि सिनेटमधले बहुमताचे नेते हॅरी रीड यांनाही मोकळा होता, पण ते त्या वाटेने गेले नाहीत. २५ मे रोजी बुश यांनी सही केली त्या विधेयकात माघारीची तारीख नव्हती. होते ते इराकी सरकारसाठी प्रगतीचे १८ निकष, आणि सोबत किमान वेतनातली वाढ. सभापती पलोसींनी युद्धाच्या पैशाचा भाग मतदानाला येऊ दिला आणि स्वतः त्याच्या विरोधात मत दिलं! सिनेटमध्ये ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांचीही मतं विरोधातच पडली, पण निकाल ८० विरुद्ध १४ लागला.

फरक कुठे पडला? वॉटरगेट आहेच, पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळी. व्हिएतनाममधल्या युद्धविरामाच्या पॅरिस करारानंतर मार्च १९७३ अखेर अमेरिकेचं लढाऊ सैन्य व्हिएतनाममधून परतलं होतं आणि कंबोडियातलं युद्ध विमानांतून चाललं होतं. त्यामुळे 'आपल्या पोरांच्या हातातली काडतुसं काढून घेता काय?' हा सवाल बोथट झाला. २००७ मध्ये इराकमध्ये सुमारे दीड लाख सैनिक होते आणि त्या आरोपाला डेमोक्रॅट घाबरले.

तेव्हा तिजोरीची ताकद दाखवायची असेल तर १९७३ घ्या. बहुमत असूनही विरोधक का कच खातात, हा प्रश्न असेल तर २००७ जास्त बोलकं आहे. मला विचाराल तर १९७३, कारण त्यात डाव कसा टाकला ते पायरीपायरीने दिसतं.

भारताशी तुलना करायचा मोह होईल, पण ती इथे फारशी जमत नाही. अनुच्छेद १११ नुसार आपले राष्ट्रपती धन विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकत नाहीत, आणि लोकसभेने पैसा नाकारला तर सरकारच पडतं.

राष्ट्राध्यक्षांच्या युद्ध करण्याच्या अधिकारावर मर्यादा घालणारा नोव्हेंबर १९७३ चा युद्धाधिकार ठरावही यात मिसळू नका. निक्सनचा नकार तेव्हा प्रतिनिधिगृहात २८४ विरुद्ध १३५ मतांनी उलथवला गेला हे खरं, पण तो ठराव खर्चाचा नव्हता.