टीवी बेटांवरून मातीचं भांडं मागवलं, कसं निघालं ते सांगते

आधीच सांगते, टीवी म्हणजे आपला टीव्ही नाही. टीवीवाल्यांकडून भांडं येतंय म्हंटलं तर आई म्हणाली, कुठल्या सिरियलमध्ये बक्षीस लागलं गं? तर ऑस्ट्रेलियात डार्विन आहे ना, त्याच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर बाथर्स्ट आणि मेलव्हिल अशी दोन बेटं आहेत, तिथले मूळचे लोक म्हणजे टीवी, आणि तिथे गावात त्यांची स्वतःची आर्ट सेंटर्स आहेत. वुरुमियांगाला टीवी डिझाइन, हे १९६९ पासूनचं, मग पिर्लंगिंपीला मुनुपी आणि मिलिकापितीला जिलामारा. यातल्याच एकाला मी ईमेल टाकला.

हे खूळ डोक्यात शिरलं ते मावसभावामुळे. तो सिडनीहून ठिपक्याठिपक्यांचं बूमरँग घेऊन आला, भारी ऐटीत, आणि उलटं केलं तर खाली स्टिकर, मेड इन इंडोनेशिया! मग वाचत बसले तर कळलं की हा ऑस्ट्रेलियातला जुनाच धंदा आहे, असाच माल अ‍ॅबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळच्या कलाकारांनी हाताने केलाय म्हणून विकल्याबद्दल २०१९ ला कोर्टाने एका कंपनीला २३ लाख डॉलरचा दंड ठोकला. आणि २०२२ च्या सरकारी अहवालात तर म्हंटलंय की अशा सुवेनिर मालातला निम्म्याहून जास्त खोटाच असतो. म्हंटलं घ्यायचं तर थेट करणाऱ्याच्या गावातून, नाहीतर राहू दे.

आता भांडं. आपला आमटीचा वाडगा असतो तेवढं, रंग गडद चॉकलेटी, त्यावर पांढऱ्या आणि पिवळ्या रेघा आणि ठिपक्यांच्या रांगा. रांगा अगदी सरळ नाहीत, एका ठिकाणी हात जरा थांबलाय तिथे ठिपका जाड झालाय, मला तोच सगळ्यात आवडतो. सोबत एक कागद, त्यावर करणारीचं नाव, गाव, नंबर. नक्षीला ते जिलामारा म्हणतात. कोणी गेलं की पुकुमानी म्हणून विधी असतो, त्यात जवळचे लोक अशाच नक्षीने अंग रंगवून घेतात, गेलेल्याच्या आत्म्याने ओळखू नये म्हणून. हे आईला सांगितल्यावर ती दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, यात काही खायचं ठेवू नकोस. बरं.

कुंभाराचं चाक मात्र तिथे नवीनच हं. पूर्वी झाडाच्या सालीच्या टोपल्या करून त्यावर रंगवायचे. मायकेल कार्ड्यू म्हणून इंग्रज कुंभार १९६८ ला डार्विनच्या बॅगट रिझर्व्हवर, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या वस्तीत, शिकवायला गेला होता, तिथे शिकलेल्या टीवी पोरांनी नंतर बेटावर पॉटरी उभी केली.

मी सायनला राहते, धारावीचा कुंभारवाडा चालत जाण्याइतका, म्हणून एका रविवारी पिशवीत घालून नेलं. पणत्या घेते त्या काकांनी आधी बोटाने वाजवलं, मग उलटं करून बूड बघितलं, बराच वेळ. म्हणाले, "ताई, ये तो आमच्या भट्टीत नाय होणार, खूप जास्त ताप लागतो." मग किंमत विचारली. खरी सांगायची लाज वाटली, निम्मी सांगितली, तरी हसले. काकांकडून मी डझनाला दहा रुपये कमी करून घेते दर दिवाळीत, आणि त्यांचं नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा विचारावंसं वाटलं.

खर्च म्हणाल तर भांडं आठ हजाराच्या वर, शिपिंग वेगळं, कस्टम वेगळं. कुरियरवाल्यांनी केवायसी केवायसी करत नऊ दिवस पार्सल अडवून ठेवलं, रोज नवीन लिंक, शेवटी दुपारी वॉचमनकडे टाकून गेले, फ्रॅजाइल लिहिलेली बाजू खाली. पण पॅकिंग आतून इतकं घट्ट होतं की टवकासुद्धा उडाला नाही. एक स्टार कमी तो या कुरियरपायी, सेंटरला पाचपैकी पाच.

एक लक्षात ठेवा, घाई असेल तर मागवू नका. वहिनीच्या वाढदिवसासाठी मी दुसरं मागितलं तर उत्तर आलं, गावात कोणीतरी गेलंय, विधी होईपर्यंत काम बंद आहे, कधी सुरू होईल ते नंतर कळवू. वाढदिवस होऊन गेला, वहिनीला साडी दिली. मेल अजून आलेला नाही.