ब्लॉगच्या जोडीला सबस्टॅक : काही महिन्यांच्या वापरानंतर

ब्लॉगस्पॉटवर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना ईमेलद्वारे वाचक जोडून ठेवण्याची सोय एके काळी फुकट मिळत असे. नवे लेख वाचकांना ईमेलने पोहोचवणाऱ्या गूगलच्या फीडबर्नर सेवेने २०२१ च्या जुलैमध्ये ईमेल-सदस्यत्व बंद केले आणि नवा लेख आल्याचे वाचकाला कळण्याचा तो मार्ग खुंटला. समाजमाध्यमांवर दुवा टाकावा, तर तो कोणाला दिसेल हे आपल्या हाती नसते. म्हणून ब्लॉग जसाच्या तसा ठेवून त्याच्या जोडीला सबस्टॅक या सेवेवर ईमेलने जाणारे वार्तापत्र सुरू केले. २०१७ साली सान फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या या सेवेत विनामूल्य वार्तापत्रासाठी लेखकाला काहीही मोजावे लागत नाही. सशुल्क केल्यास मात्र वर्गणीचे दहा टक्के ती ठेवून घेते आणि व्यवहाराचे शुल्क वेगळे.

सर्वांत मोठा लाभ म्हणजे वाचकांची उत्तरे. ब्लॉगखाली चार शब्दांची दाद देणारा वाचक पत्राला मात्र सविस्तर उत्तर लिहितो, कारण ते फक्त लेखकच वाचणार आहे याची त्याला खात्री असते. पत्र रविवारी सकाळी आठला पाठवले, तर कॅलिफोर्नियातल्या मराठी वाचकाकडे शनिवारची संध्याकाळ किंवा रात्र असते. दोन्हीकडे सुटीची निवांत वेळ साधते, हा अनपेक्षित फायदा.

मराठीत लिहिणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच समजून घ्यावी. १०२ केबीपेक्षा मोठे पत्र जीमेल मध्येच कापते आणि ‘पूर्ण पत्र पाहा’ असा दुवा खाली ठेवते. एक केबी म्हणजे सुमारे हजार बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा, हलन्त ही सारी चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. ‘स्त्री’ एवढ्या शब्दाला अठरा बाइट लागतात. चार हजार शब्दांच्या लेखाचा नुसता मजकूरच या मर्यादेच्या बराच जवळ जातो. त्यात मांडणीच्या खुणा (एचटीएमएल) आणि तळटीपा मिळाल्या की पत्र कापले जाण्याचीच शक्यता अधिक, आणि कापलेल्या भागाबरोबर तळाचा सदस्यत्व रद्द करण्याचा दुवाही दिसेनासा होतो. यावर मला मानवलेला उपाय असा, की दीर्घ लेख ब्लॉगवरच प्रसिद्ध करायचा आणि पत्रात त्याचा स्वतंत्रपणे लिहिलेला, स्वयंपूर्ण असा छोटा भाग द्यायचा. केवळ ‘पुढे वाचा’ म्हणून अर्धवट तोडलेला उतारा पाठवणे मला वाचकाची फसवणूक वाटते.

किती जणांनी पत्र उघडले हा आकडा सेवा ठळकपणे दाखवते, पण त्यावर विसंबू नये. पत्रातले चित्र उतरले की पत्र उघडले, असे त्यात धरलेले असते. ॲपलने २०२१ पासून आपल्या मेलमध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे पत्रातली चित्रे आधीच उतरवली जातात आणि न वाचलेले पत्रही उघडलेले दिसू शकते. मी तो आकडा पाहणे सोडून दिले आहे. (मनःशांतीसाठीही ते बरे.) नवा वाचक नाव नोंदवतो तेव्हा त्याच्यापुढे ॲप उतरवण्याचा आग्रह आणि इतरांच्या वार्तापत्रांच्या शिफारशी येतात, संगणकाशी फारशी सलगी नसलेल्या ज्येष्ठ वाचकांना त्यांतून वाट काढून देणारी दोन ओळींची सूचना मी ब्लॉगवर कायमची लावली आहे.

वर्गणीच्या बाबतीत भारतातल्या लेखकाने फार आशा बाळगू नये. सबस्टॅकवरचे पैसे लेखकापर्यंत स्ट्राइप या ऑनलाइन देयक-सेवेमार्फत पोहोचतात, आणि स्ट्राइपने मे २०२४ पासून भारतात नवी खाती केवळ निमंत्रणावर ठेवली आहेत. त्यामुळे माझे वार्तापत्र विनामूल्यच आहे. परदेशात व्यवसाय नोंदलेला मराठी लेखक असेल, तर त्याच्यासाठी हे गणित वेगळे ठरेल.

एवढे असूनही मी ही सेवा वापरत राहणार आहे, ते मुख्यतः वाचकांच्या पत्त्यांची यादी सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइल म्हणून केव्हाही उतरवून घेता येते म्हणून. ती फाइल मी दर महिन्याला उतरवतो आणि ब्लॉगच्या बॅकअपशेजारी ठेवतो. उद्या ही सेवा बदलावी लागली, तर दुसऱ्या सेवेत तेवढी फाइल चढवली की पुढचे पत्र त्याच वाचकांना पाठवता येईल.