बाल्डर्स गेट ३: चौघांना चौघांसारखं खेळवा, मग बघा

चार कॅरेक्टरांची टोळी घेऊन आळीपाळीने, म्हणजे टर्नवर, लढायचा हा गेम मी दोनदा पूर्ण केलाय, एकदा एकट्याने आणि एकदा आम्ही चौघांनी मिळून, आणि दोन्हीत इतका फरक पडला की रिव्ह्यूची सुरुवात तिथूनच करतो.

एकट्याने खेळताना माझं असं व्हायचं की आपलं कॅरेक्टर म्हणजे हिरो. चांगली तलवार त्याला, चांगलं चिलखत त्याला, औषधाच्या बाटल्या सगळ्या त्याच्याच बॅगेत, आणि टोळीतले बाकीचे तिघं सोबती नुसते मागून चालणारे. त्यांची टर्न आली की जो शत्रू जवळ असेल त्याला एक फटका द्यायचा आणि टर्न संपवायची. गॉब्लिन म्हणजे बुटके राक्षस, त्यांच्या कॅम्पमध्ये माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. दर वेळी एखादा गॉब्लिन पळत जाऊन ढोल बडवायचा, सगळा तळ अंगावर यायचा आणि माझा हिरो मध्ये एकटा आडवा.

मग मागच्या पावसाळ्यात आम्ही शनिवारी रात्री दहाला ऑनलाइन बसायला लागलो. मी सिडकोत, मावसभाऊ गंगापूर रोडला, एक मित्र पंचवटीत, एक नाशिकरोडला. प्रत्येकाकडे एकच कॅरेक्टर, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या कॅरेक्टरची काळजी. पहिल्याच लढाईत मी पुढे धावायला निघालो तर मावसभाऊ म्हणाला, "दादा थांब ना, आधी मी ब्लेस टाकतो, मग मार." त्याच्याकडे क्लेरिक होती, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणारी. ब्लेस हा पहिल्या लेव्हलचा साधा स्पेल, म्हणजे मंत्र, तिघांवर लागतो आणि वार बसतो की हुकतो हे ठरवणारा जो फासा प्रत्येक हल्ल्याला पडतो त्यात १ ते ४ ची भर टाकतो. ऐकायला काहीच नाही, पण तिघांचे तीन-चार टर्नचे हल्ले धरा, जे वार हुकले असते ते बसायला लागतात. एकट्याने खेळताना मी तो स्पेल ४० तासांत एकदाही वापरला नव्हता, कारण त्याने स्वतः काही डॅमेज होत नाही.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने बनवलाय, ३ ऑगस्ट २०२३ ला पीसीवर पूर्ण आला, नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे. चौघांची पार्टी, लढाई टर्नवर, आणि प्रत्येक गोष्ट २० बाजूंच्या फाशावर. एका टर्नमध्ये एक अ‍ॅक्शन, एक बोनस अ‍ॅक्शन आणि ठरावीक अंतर चालणं. जास्तीत जास्त लेव्हल १२.

आता जमिनीबद्दल, कारण निम्मी लढाई तिथेच ठरते. उंचावरून मारलं तर फाशात २ वाढतात, खालून वर मारलं तर २ कमी होतात, म्हणून धनुष्यवाला आणि जादूगार दोघांनाही लढाई सुरू व्हायच्या आधीच माडीवर, कड्यावर, जिथे जमेल तिथे चढवून ठेवायचं. मुद्दाम सगळ्यांना ग्रुपमधून सोडवा आणि एकेकाला जागेवर नेऊन उभं करा, ही पाच मिनिटं वाया जात नाहीत. लपून पहिला वार केला तर शत्रूची पहिली टर्न बुडू शकते. आणि ढकलणं विसरू नका, ती बोनस अ‍ॅक्शन आहे. कड्याच्या टोकाला उभा असलेला तगडा शत्रू एका धक्क्यात दरीत जातो, फक्त तळ नसलेल्या दरीत पडला तर त्याच्याकडचं सामानही गेलं समजा.

कोळ्याची लढाई आम्ही मिसळीच्या टेबलावर सोडवली होती. पडक्या गावातल्या विहिरीखाली गुहा आहे, तिथे फेज स्पायडर नावाच्या मोठ्या जादूई कोळ्यांची राणी आहे आणि आम्ही लेव्हल ४ ला तिच्याकडून दोनदा मार खाल्लेला. रविवारी सकाळी मिसळ खायला भेटलो, नाशिकरोडवाल्याने शेवेची वाटी मध्ये ठेवली, ही राणी, पापड म्हणजे जाळ्याचा पूल, लिंबाच्या फोडी म्हणजे अंडी. तेव्हा लक्षात आलं की आम्ही थेट राणीवर तुटून पडत होतो आणि अंडी फुटून पिल्लं बाहेर येत होती. त्या रात्री आधी लपत लपत अंडी फोडली, आणि राणी दरीवरच्या जाळ्यावर आली तेव्हा जाळ्यालाच आग लावली. ती खाली कोसळली, निम्मं काम तिथेच झालं. इतका आनंद मला कुठल्याही बॉसला तलवारीने मारून झालेला नाही.

बाकी काही गोष्टी ज्या मला उशिरा कळल्या. ज्यांच्या टर्न लागोपाठ येतात ते एकत्र खेळू शकतात, म्हणजे क्रम तुम्ही ठरवायचा, एकाने अर्धी टर्न खेळायची, दुसऱ्याने मारायचं, मग पहिल्याने उरलेली पूर्ण करायची. शत्रूला ओलं करा, पाण्याची बाटली फेकून किंवा स्पेलने पाऊस पाडून, ओल्या शत्रूला वीज आणि थंडीचं डॅमेज दुप्पट बसतं, आग मात्र कमी लागते, त्यामुळे पाणी टाकणारा आणि आग टाकणारा यांनी आधी बोलून घ्या. औषधाची बाटली प्यायच्या ऐवजी जखमी दोघं जवळ उभे असतील तर त्यांच्या पायाशी फेका, दोघांनाही लागते. दलदलीतली म्हातारी चेटकीण स्वतःच्या नकला उभ्या करते तेव्हा मॅजिक मिसाइल हा जादूच्या बाणांचा स्पेल वापरा, तो हुकत नाही, एकेक बाण एकेका नकलेवर टाकला की खरी कोण ते उघडं पडतं. आणि एका कॅरेक्टरचा एका वेळी एकच कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे लक्ष लावून धरून ठेवायचा, स्पेल टिकतो, ब्लेस चालू असताना त्याच क्लेरिकने दुसरा तसला टाकला की ब्लेस गेला, आमचं हे कितीदा तरी झालं.

झोपायला कंजूषी करू नका, हे मी कळकळीने सांगतो. लाँग रेस्ट म्हणजे कॅम्पमधली रात्रभराची झोप, तिने वापरलेले स्पेल परत मिळतात. बॅलन्स्ड डिफिकल्टीवर तिला खाण्याच्या सामानाचे ४० पॉइंट लागतात आणि ते सामान गावभर पडलेलं असतं, उचलत राहा. मी पहिल्या वेळी स्पेल जपून जपून पुढे जात राहिलो, त्यामुळे लढाया तर अवघड गेल्याच, पण कॅम्पमध्ये रात्री सोबती जे बोलतात, शॅडोहार्टचं, गेलचं, कार्लाकचं, त्यातलं बरंचसं मला दिसलंच नाही. दुसऱ्या वेळी ते सगळं पाहिल्यावर कळलं की मी या माणसांना ओळखतच नव्हतो. लाँग रेस्टच्या मध्ये दोन शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोट्या विश्रांत्याही मिळतात, त्या तर फुकट आहेत.

कॅम्पमध्ये विदर्स नावाचा सांगाडा येतो, १०० सोन्याच्या नाण्यांत तो कुणाचाही क्लास, म्हणजे क्लेरिक, जादूगार असा कॅरेक्टरचा प्रकार, बदलून देतो. शॅडोहार्ट क्लेरिक आहे, तिचा सुरुवातीचा ट्रिकरी डोमेन, म्हणजे क्लेरिकमधला फसवाफसवीचा उपप्रकार, मला लढाईत कमी पडला, मी तिला लाइफ डोमेन, म्हणजे बरं करणारा, घेऊन दिला, पार्टीला लगेच जीव आला. कॅरेक्टरची घडण चुकली म्हणून गेम परत सुरू करू नका.

कमी काय वाटलं? सामानाची बॅग. चौघांच्या बॅगा, त्यात पिशव्या, पिशव्यांत चाव्या आणि पत्रं, शोधताना वेळ जातो, आणि हे शेवटपर्यंत तसंच राहतं. गेममध्ये मराठी सोडा, हिंदीही नाही, आणि वाचायला प्रचंड आहे, त्यामुळे इंग्रजी हळू वाचणाऱ्याने मित्रासोबतच खेळावं, आम्ही पत्रं मोठ्याने वाचून मराठीत एकमेकांना सांगायचो आणि त्यातही मजा यायची. जागा १५० जीबी लागते, एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, हवीच. गोष्टीच्या तिसऱ्या अंकात शहर येतं तेव्हा माझ्या जुन्या लॅपटॉपवर फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडकत चालतं, गर्दीच्या सेटिंग खाली आणल्या की खेळता येतं.

पावसात पंचवटीवाल्याच्या गल्लीतली लाईट जायची, तेव्हा होस्टला, म्हणजे ज्याने गेम सुरू करून बाकीच्यांना घेतलंय त्याला, त्याचं कॅरेक्टर आपल्याकडे घेता येतं, लढाई थांबत नाही. फक्त त्याच्या बाटल्या त्याला विचारल्याशिवाय वापरायच्या नाहीत, हा आमचा नियम.

घ्यायचा असेल तर सेलची वाट बघा, पूर्ण किमतीला तीन हजारांच्या आसपास जातो. पहिल्यांदा बॅलन्स्ड, म्हणजे मधल्या डिफिकल्टीवर खेळा. आम्ही आता ऑनर मोड सुरू केलाय, त्यात एकच सेव्ह असतो आणि सगळे मेले की तो मोड तिथेच संपला, सध्या लेव्हल ३ ला आहोत, कोळ्याच्या गुहेत अजून उतरलो नाही, या रविवारी मिसळ खाताना ठरवणार.