स्की गॉगल, सहा महिन्यांनंतर: औलीत उत्तम, अफरवटवर आंधळा

मे महिन्यात माळ्यावरून बॅग काढली, तर गॉगलचा फोम फ्रेमपासून सुटून लोंबत होता. आमचा माळा पत्र्याखाली, आणि जळगावचं ऊन पंचेचाळीस डिग्रीचं. गोंद वितळला. दुकानदार म्हणाला, उष्णतेचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. 4,200 रुपये मोजलेत, डोकं तापणारच! शेवटी गल्लीतल्या चपला शिवणाऱ्या काकांनी सोल्युशन लावून वीस रुपयांत फोम बसवून दिला. अजून घट्ट आहे.

पण खरी तक्रार काचेची आहे. काच एस-3 गटातली, म्हणजे डोळ्यापर्यंत जेमतेम 8 ते 18 टक्के उजेड पोचतो.

जानेवारीत उत्तराखंडातल्या औलीहून आलो तेव्हा मीच याला पाच स्टार दिले होते. सातही दिवस लख्ख ऊन. तिथला उतार देवदारांना लागून उतरतो. झाडांच्या सावल्या बर्फावर पडतात, त्यामुळे पुढचा उंचवटा लांबूनच कळतो. माणूस लयीत डावं-उजवं वळत खाली येतो. झाडं जवळ असल्यामुळे वेगही आवरून धरतो. गडद काच तिथं डोळ्यांना थंडावा देत होती.

फेब्रुवारीत गुलमर्गला गेलो आणि मत बदललं. खालच्या मैदानात ठीक होतं. उतार इतका मवाळ की शिकाऊ मंडळी स्कीची टोकं आत वळवून निवांत घसरतात. गंडोल्याचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा मात्र अफरवट डोंगरावर, चार हजार मीटरच्या जवळ नेतो. तिथं एक झाड नाही, बर्फ दाबून सपाट केलेला नाही. ढग आले की आभाळ आणि डोंगर एकच पांढरे. मी थांबलोय असं मला वाटत होतं. काठी टेकवली, तर ती मागं ओढली गेली. मी घसरतच होतो! पोटात गोळा आला.

सोबतच्या शिक्षकांनी त्यांचा फिकट गुलाबी काचेचा गॉगल दिला, आणि समोरच्या बर्फावर पुसट राखाडी रेघा उमटल्या. खड्डे होते ते! वरची जाणकार मंडळी गुडघे सैल ठेवतात, उतार पावलांनी चाचपत मोठी वळणं घेतात. ढग दाटले की खाली झाडीत येतात, कारण काळ्या खोडांमुळे वर-खाली कळतं. आम्हीही तेच केलं.

म्हणून आता तीन स्टार. फ्रेम मजबूत आहे, पट्टा हेल्मेटवरून सरकत नाही, काचेवर वाफ धरली नाही. पण याची काच बदलता येत नाही, आणि घेताना मी ते विचारलंच नाही. गुलमर्गला वर जाणार असाल तर एस-1 ची, म्हणजे फिकट, जोडकाच मिळते का, ते आधी विचारा.

मावशी म्हणते, "आठे बरफ कोठे पडस भाऊ?" तिचं बरोबर आहे. वर्षातले तेरा दिवस वापर, म्हणून तर एकेक रुपया टोचतो. गॉगल आता माळ्यावर नाही, खालच्या खोलीतल्या कपाटात, आईच्या गोधड्यांमध्ये ठेवलाय.